किल्लीवाल्याच्या घरातलं बंद दार

अख्ख्या वस्तीची दारं उघडून देणारा माणूस स्वतःच्याच घरात एका खोलीपुरता उरला होता, असं सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. पण किल्लीवाल्याचं तसं झालं होतं. आणि त्याला मागून रेटत रेटत रस्त्याकडच्या खोलीपर्यंत आणलं होतं ते चोरांनी नाही की भाऊबंदांनी नाही. आठ पायांच्या कोळ्यांनी.

माणूस तसा दांडगा. बोटांना कायम तेलाचा आणि पितळेच्या चुऱ्याचा वास. कोणाचं कपाट अडो, कोणाचं पोर न्हाणीघरात कोंडलं जावो, हा पिशवी उचलून निघायचा. कुलूप कसलंही असलं तरी आधी दाराला कान लावायचा, मग किल्लीच्या भोकात फुंकर मारायचा आणि रुसलेल्या माणसाची समजूत काढावी तसा त्याच्याशी हळू आवाजात बोलायचा. बहुतेक कुलपं ऐकायची. पण त्याच माणसाला भिंतीवर कोळी दिसला की पाचावर धारण बसायची. एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्याशा किड्याची भीती कसली, असं विचारणाऱ्यांनी आधी पाल दिसल्यावर आपण कुठे चढून बसतो ते सांगावं.

बायको होती तोवर हे चार भिंतींच्या बाहेर गेलं नाही. मागच्या खोलीत ती शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कोणाची विजार लांब तर कोणाची आखूड. मशीनला तिने एक छोटी मोटर बसवून घेतली होती. घरात कुठेही कोळी निघाला की किल्लीवाला त्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा आणि दुसरंच काही काम असल्यासारखा म्हणायचा, "अगं, जरा बघतेस का?" ती कापड सुईखाली तसंच ठेवून उठायची. पेला पालथा घालायची, खालून पुठ्ठा सरकवायची आणि पाहुण्याला मागच्या भिंतीपलीकडे सोडून यायची. "गेला हो," म्हणायची, आणि पुन्हा मशीन सुरू. एवढ्या वर्षांत तिने ही गोष्ट ना शेजारी सांगितली, ना माहेरी.

मग ती गेली. आजारपण थोडं, जाणं पटकन. भेटायला येणारी माणसं ओसरली, मुलगी आपल्या शहरात परत गेली, आणि एका सकाळी किल्लीवाला शिवणाच्या खोलीत डोकावला तर मशीनवरच्या कापडी झाकणावर तळहाताएवढा कोळी ऐटीत बसलेला. "अगं, जरा..." त्याच्या तोंडून निघून गेलं. पुढचे शब्द तोंडातच राहिले. त्याने दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली आणि स्वतःला सांगितलं, उद्या बघू.

तो उद्या काही उजाडला नाही. उलट थोड्याच दिवसांत अडगळीच्या खोलीत कोळी दिसला, तिलाही कुलूप. मग झोपायच्या खोलीत, पलंगाच्या डोक्याशी. तिथे तर त्याने जुनं कुलूप काढून नवं, चांगलं दणकट बसवलं. आता कोळ्याला काय किल्ली लागते? दाराखालच्या फटीतून तो खुशाल ये-जा करतो. कुलपांच्या धंद्यात जन्म घालवलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. पण माणूस घाबरला की त्याला जे येतं तेच करतो. हा सुतार असता तर त्याने फळ्या ठोकल्या असत्या. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीला गांधीलमाश्यांनी पोळं केलं आणि तेही दार बंद झालं. उरली रस्त्याकडची खोली. एका बाजूला किल्ल्या कापायचं यंत्र, भिंतभर हुकांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि त्यांच्या खाली एक खाट आणि एक शेगडी. बिऱ्हाड आटोपशीर, म्हणायचं आणि काय.

खरं तर अजून एक जागा उरली होती. शिवणाच्या खोलीपुढे एक अरुंद बोळ होता. घरातली सगळ्यात गार जागा ती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो तिथे चटई टाकायचा आणि त्या बंद दाराला पाठ टेकून पडायचा. अशाच एका दुपारी त्याचा डोळा लागत होता. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप आली होती, तिच्यात धूळ सावकाश तरंगत होती, लांब कुठेतरी कोणी बादली घासत होतं. आणि दाराआड मशीन सुरू झालं.

सर्रर्र. थांबलं. पुन्हा सर्रर्र, लांबलचक. पडद्याची कड शिवताना चालायचं तसं. मग जरा शांत, कापड वळवून घ्यायला लागतो तेवढा वेळ. मग पुन्हा. किल्लीवाला हलला नाही. त्याला वाटलं, मोठं काम आलेलं दिसतंय. एवढी कड संपली की ती उठेल, मान मोडेल, चहा टाकेल. त्याच्या पाठीला दाराची बारीक थरथर जाणवत होती आणि त्याला इतकं बरं वाटत होतं की त्याने डोळे उघडलेच नाहीत. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या पातळ जागेत तो कितीतरी वेळ पडून राहिला.

मग आवाज थांबला आणि किल्लीच्या भोकातून एक काळी, दोऱ्याएवढ्या कमरेची माशी बाहेर आली. कुंभारीण. ओल्या मातीचे गोळे आणून घर लिंपते ती. थोड्या वेळाने ती परत आली, तोंडात मातीचा गोळा धरून. भोकात शिरली, माती दाबू लागली, आणि दाबताना तिच्या अंगातून तो आवाज निघू लागला. सर्रर्र. पुन्हा सर्रर्र.

म्हणजे आवाज माशीचा होता हे त्याला पहिल्याच दुपारी कळलं. पण कळून काय होतं? दुसऱ्या दुपारी तो गिऱ्हाइकाला परत पाठवून चटईवर येऊन पडला. तिसऱ्याही. गांधीलमाश्यांना भिणारा हा माणूस कुंभारिणीला मात्र वाट देऊन झोपायचा. तिचं पहिलं घर लिंपून बंद झालं तेव्हा त्याला वाटलं, संपलं आता. पण तिने त्याला लागूनच दुसरं घर बांधायला घेतलं. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी मागच्या नळाखालच्या मातीवर तांब्याभर पाणी ओतू लागला. माती सुकू नये, तिचं काम अडू नये. हे तो कोणाला सांगणार होता? स्वतःलाही सांगत नव्हता, म्हणायचा, अळूला पाणी घालतोय. अळू केव्हाच वाळून गेलं होतं.

हे असंच चाललं असतं. पण शेजारच्या नर्सबाईंनी एक दिवस शेगडीचा धूर पाहिला, खाट पाहिली आणि गुपचूप मुलीला फोन केला. त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही दुकानात झोपता?"

"कोण म्हणतं? सगळं ठीक आहे."

"सगळं ठीक नाहीये. मी रविवारी येते. घरातली सगळी दारं उघडी दिसली, तुम्ही नीट राहताय असं दिसलं, तर मी एक शब्द बोलणार नाही. एक जरी खोली बंद असली तर बॅग भरायची आणि माझ्याबरोबर यायचं. चालेल?"

मुलगी राहायची उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर. तिच्याकडे दारांना किल्ल्याच नव्हत्या, बटणं होती. तो एकदा आठवडाभर राहून आला होता आणि हात मांडीवर ठेवून बसून बसून त्याला हातांचंच ओझं झालं होतं. तिथे जाणं म्हणजे संपणं, हे त्याला पक्कं माहीत होतं. "चालेल," तो म्हणाला.

आणि मग सुरू झाली लढाई. अडगळीच्या खोलीपासून त्याने सुरुवात केली. झाडूला लांब काठी बांधली, म्हणजे कोळी तिकडे आणि आपण इकडे. पहिलंच जळमट ओढलं तर त्यातला कोळी काठीवरून तुरुतुरु थेट याच्या हाताकडे निघाला. किल्लीवाल्याने काठी टाकली आणि रस्त्यावर येऊनच श्वास घेतला. समोरचा इस्त्रीवाला म्हणाला, "काका, आग लागली का?" "नाही, नाही. हवा घेतोय," किल्लीवाला म्हणाला आणि तसाच परत आत गेला. काठीचा काही उपयोग नाही हे कळल्यावर त्याने पेला आणि पुठ्ठा घेतला. पेला भिंतीवर ताशासारखा वाजत होता. पण पहिला कोळी मागच्या भिंतीपलीकडे गेला. मग दुसरा. पुढे पुढे तर तो कुलपांशी बोलायचा तसा कोळ्यांशी बोलू लागला. "हां, अस्सं. जरा इकडे. शहाणा आहेस." म्हणून भीती गेली असं मात्र कोणी समजू नये. प्रत्येक वेळी तो मनात म्हणायचा, हिने हे कसं केलं असेल?

स्वयंपाकघरासाठी नर्सबाई स्वतःच येऊन उभ्या राहिल्या. "फोन मीच केला होता. रागवायचं तर आधी रागवून घ्या, मग कामाला लागू," त्या म्हणाल्या. किल्लीवाला रागावणार होता, पण त्यांनी आपल्या जावयाचं हेल्मेट आणलं होतं. दिवेलागणीला माश्या पोळ्यावर गोळा होऊन सुस्तावल्या, तेव्हा त्याने हेल्मेट घातलं, रेनकोट चढवला आणि इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीत साबणाचं पाणी भरून पोळ्यावर मारलं. माश्या टपटप गळून पडल्या. खिडकीखाली त्यांचा थर झाला तसं त्याला वाईट वाटलं.

"माफ करा हं," तो हेल्मेटमधून पुटपुटला.

"मला म्हणालात?" नर्सबाईंनी दाराआडून विचारलं.

"नाही, यांना."

शनिवारपर्यंत घर उघडलं. चादरी उन्हात पडल्या, भांडी घासली गेली, पलंगावर तो एक रात्र झोपलासुद्धा. राहिलं ते एक दार.

शनिवारी दुपारी तो हातात बारीक आकडा घेऊन त्या दारापुढे बसला. किल्लीच्या भोकावर आता मातीची तीन घरं होती, सुबक, बोटांच्या पेरांसारखी. खरवडायला किती वेळ लागतो? चहा गाळेपर्यंत झालं असतं. त्याने आकडा टेकवला आणि तेवढ्यात कुंभारीण आली. तिच्या पायांत एक बारीकसा कोळी होता, पाय मिटलेला. किल्लीवाल्याच्या डोक्याभोवती तिने एक चक्कर मारली. तो बाजूला सरकला. तिला वाट दिली. ती आत शिरली, बाहेर गेली, माती घेऊन आली, आणि मशीन सुरू झालं. आकडा मांडीवर ठेवून तो ऐकत बसला. संध्याकाळी त्याने आकडा पिशवीत टाकला आणि नळाखाली पाणी ओतलं.

रविवारी मुलगी आली. बरोबर एक मोकळी बॅग होती. ती घरभर फिरली, पलंगाखाली वाकली, स्वयंपाकघराच्या खिडकीवरून बोट फिरवून पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. "बाबा, तुम्ही तर कमाल केलीत," ती म्हणाली. मग ती बोळात वळली.

"हे?"

"कुलूप अडलंय."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्या घरात? कुलूप अडलंय?"

"होतं कधी कधी."

ती वाकली. "बाबा, ही तर माती आहे. माशीने घर केलंय नुसतं. काढून टाका की."

"काढतो ना."

"मग काढा."

"आज नको," तो म्हणाला.

किल्लीवाला तिला सांगू शकला असता. पण काय सांगणार? की तुझी आई दुपारची शिवायला बसते म्हणून? मग बॅग राहिली असती बाजूला, तिने गाडी मागवून त्याला सरळ डॉक्टरकडे नेलं असतं. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभा राहिला.

"आपलं ठरलं होतं," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मला तिकडे झोप लागत नाही हो. अवेळी फोन वाजला की वाटतं, तुमचंच काहीतरी झालं. मी काय करू सांगा."

जेवणं झाल्यावर त्याने शर्ट काढून घड्या घालायला घेतल्या. संध्याकाळची बस होती. मुलगी रात्रभरच्या प्रवासाने दमली होती. तिने चटई उचलली, बोळात टाकली आणि दाराकडे पाय करून आडवी झाली. शाळेतून आल्यावर ती कायम तिथेच झोपायची, दाराला तळवे टेकवून, मशीनची थरथर पायांत घेत. हे त्याला आत्ता आठवलं. तो उंबऱ्यावर बसला, मांडीवर शर्ट. ती लगेच झोपली. उन्हाची तिरीप भिंतीवरून उतरत उतरत तिच्या केसांपर्यंत आली. बाहेरचे आवाज एकेक करून विरले. किल्लीवाल्यालाही डुलकी येऊ लागली.

कुंभारीण आली. सर्रर्र.

झोपेत मुलीचा चेहरा लहानपणीसारखा झाला. तळवे दारावर सरकले. आणि ती अगदी स्पष्ट म्हणाली, "आई, पुरे ना आता. डोळे दुखतील."

किल्लीवाल्याचा हात शर्टावर थांबला.

सर्रर्र. "माझा फ्रॉक उद्या कर," मुलगी म्हणाली आणि कुशीवर वळली. वळताना तिचे डोळे उघडले. ते दारावर गेले. तिच्या तोंडभर आनंद होता, साधा, घरी आई असल्याचा. मग ती पुरती जागी झाली आणि तो आनंद त्याच्या डोळ्यांदेखत विझला. आपण रोज दुपारी उठताना असेच दिसत असू, त्याच्या मनात आलं. पण स्वतःचा चेहरा काही माणसाला दिसत नाही. हा दिसला, आणि त्याला सहन झाला नाही.

"मशीन चालू होतं," ती म्हणाली.

"नाही गं बाळा. माशी आहे ती."

"तुम्हालाही ऐकू आलं?"

"रोज येतं."

ती उठून बसली. दाराकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "म्हणून नाही उघडलंत?"

"म्हणून." मग त्याने ते म्हटलं. एवढ्या महिन्यांत सगळ्यांनी त्याच्यापुढे म्हटलं होतं, त्याने फक्त मान हलवली होती. "आत आई नाहीये. आई गेली आपली."

मुलगी त्याने घडी घातलेल्या शर्टात तोंड खुपसून रडली. तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसला आणि स्वतःही रडला, आवाज न दाबता, नाक ओढत. बऱ्याच वेळाने तो उठला आणि अवजारांची पिशवी घेऊन आला.

"राहू दे बाबा," ती म्हणाली. "नका काढू. मी नाही नेत तुम्हाला."

"तू परत येशील, इथे झोपशील आणि पुन्हा अशीच उठशील. मला नाही बघवणार ते."

कुंभारीण माती आणायला गेली तेवढ्यात त्याने आकडा लावला. माती ठिसूळ होती, लगेच सुटली. घरं फुटली तसे आतले कोळी त्याच्या तळहातावर पडले. बारीक बारीक, पाय मिटलेले, मेलेले नाहीत आणि जिवंतही म्हणता येणार नाहीत असे. त्यांच्यात एक पांढरी अळी वळवळत होती, कुंभारिणीचं पिल्लू, त्यांना खाऊन वाढायची होती ती. त्याने तो सगळा पसारा ओंजळीत धरून झरोक्याच्या कडेवर ठेवला. कुंभारीण परत आली. भोकाशी घुटमळली, दाराच्या चौकटीवर शोधलं, पुन्हा भोकाशी आली. "दुसरीकडे कर गं," किल्लीवाला म्हणाला. त्याला फार अपराधी वाटत होतं. थोडा वेळ घिरट्या घालून ती मातीच्या गोळ्यासकट झरोक्यातून निघून गेली.

त्याने भोकात फुंकर मारली, किल्ली घातली. कुलूप उघडलं आणि तो पाठ फिरवून उभा राहिला. धंद्यातली सवय. दार उघडून द्यायचं, आत पाहायचं नाही, पहिलं पाऊल घरच्या माणसाचं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "गिऱ्हाइकाचं घर नाही हे."

तेव्हा तो वळला आणि आत गेला. कोंदट हवा, नव्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास, झाकणावर धूळ. जुनी जळमटं होती, पण ती रिकामी. आतले कोळी दाराखालच्या फटीतून केव्हाच निघून गेले असावेत, नाहीतर कुंभारिणीने वेचले असावेत. मुलीने खिडकी ढकलून उघडली. रस्त्यावरचे आवाज आत आले. किल्लीवाला जमिनीवर बसला, भिंतीला टेकून.

"मी एकटीच जाते संध्याकाळी," ती म्हणाली. "तुम्ही इथेच राहा. फक्त एक करा. फोनवर सगळं ठीक म्हणणं बंद करा. भीती वाटली की भीती वाटते म्हणायचं. कोळ्याची, माशीची, कशाचीही असो."

"म्हणेन."

"नक्की?"

"नक्की."

बसची वेळ होत आली होती. तिने डोळे पुसले, केस बांधले, आपली पर्स खांद्याला लावली आणि दाराकडे निघाली.

"ऐक ना," तो म्हणाला.

"काय?"

"आत्ता वाटतेय."

मुलीने भिंती पाहिल्या. छत पाहिलं, खिडकीच्या झडपेमागे पाहिलं, मशीनच्या खाली वाकून पाहिलं. कोळी कुठेच नव्हता. मग तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि पर्स खाली ठेवली.